फ्रेंच चित्रांच्या प्रदर्शनासोबत रत्नागिरीत कोणते कार्यक्रम ठेवावेत?

मांडवीचा धक्का

नमस्कार मंडळी. रत्नागिरीतल्या एका लहान संग्रहालयात जानेवारीच्या उत्तरार्धात तीन आठवडे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन भरवायचं आहे. मूळ चित्रं नाहीत, मूळ मापाच्या छापील प्रतिकृती आहेत. बूदँ, कूर्बे, मोने, पिसारो, बेर्त मोरिझो आणि सरा अशी एकूण ३२ चित्रं. दालन जुनं, जांभ्याच्या भिंतींचं, वर कौलं, पश्चिमेला चार मोठ्या खिडक्या. एका वेळी ४० माणसं मावतात. स्वयंसेवक आठ.

सोबतच्या कार्यक्रमांचा कच्चा आराखडा असा: उद्घाटनाला व्याख्यान, किनाऱ्यावर चित्रकला स्पर्धा, शाळांच्या भेटी, एक चित्रपट आणि शेवटी फ्रेंच संगीताची संध्याकाळ. यातलं काय ठेवावं, काय गाळावं? किनाऱ्यावरच्या कार्यक्रमाबद्दल जितकं बारीक सांगता येईल तितकं सांगा. तारखा अजून ठरलेल्या नाहीत.

ओहोटी

स्पर्धा गाळा, कार्यशाळा ठेवा. स्पर्धा म्हटली की मुलं घोटून आलेलं चित्र उतरवतात: दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली होडी. समुद्र समोर असतो, पण त्याच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही. ही चित्रकार मंडळी नेमकी बघण्यासाठी बाहेर पडली होती, आणि प्रदर्शन त्यांचं आहे.

तारीख भरती-ओहोटी बघून ठरवा. ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सव्वासहा तास मिळवले की संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी. प्रतिपदेला ती सातच्या आसपास जाते. त्या दिवसांत रत्नागिरीत सूर्य सव्वासहा ते साडेसहाला मावळतो. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या, फार तर प्रतिपदा धरली तर मावळतीला लांबलचक ओली पुळण उघडी मिळते आणि आकाशाचा रंग तिच्यात उतरतो. अष्टमीला सहा वाजता भरती असते. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचं, पाणी फार वर चढत नाही हे खरं, पण बसायला कोरडा पट्टाच उरतो आणि कोरड्या वाळूत प्रतिबिंब नसतं. हा ठोकताळा अंदाजापुरता आहे. पत्रिका छापण्याआधी बंदराच्या अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करा.

यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर एत्रताच्या कड्याखाली चित्र काढत बसलेल्या मोनेने भरतीची वेळ चुकीची धरली. पाणी उतरतंय असं समजून तो बसून राहिला आणि एका लाटेने त्याला कड्यावर आपटलं. ईझल (चित्र टेकवायची तिकाटणी) आणि रंगांचं सामान समुद्राने नेलं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परत येतं. मुलांना खडकांकडे बसवू नका, आणि एका स्वयंसेवकाकडे फक्त पाण्यावर नजर ठेवायचं काम द्या.

जागा मांडवीची घ्या, काळ्या समुद्राची. तिथली वाळू इल्मेनाइटमुळे काळसर आहे. ओली झाली की तिच्यात जांभळा आणि निळा स्पष्ट दिसतो. सावली काळी नसते, तिला रंग असतो, हे समजवायला याहून चांगली वाळू शोधून सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच गट पांढऱ्या समुद्रावर नेता आला तर उत्तमच. तेच आकाश वेगळ्या वाळूत कसं दिसतं ते मुलं स्वतः ताडून पाहतील.

वेळेची आखणी अशी करा. साडेचारला जमणं, पंधरा मिनिटं नुसतं बघणं. मग १५ × २० सेंटिमीटरचे तीन कागद, प्रत्येकाला वीस मिनिटं, तिन्हींवर एकच देखावा. वीस मिनिटं झाली की चित्र अर्धं असलं तरी कागद बदलायचा. उजेड बदलला की मोने कॅनव्हास बदलायचा, तेच इथे करायचं. मोठा कागद देऊ नका. पाव इम्पिरियल आकाराच्या ड्रॉइंग कागदावर मूल तासभर निळं आकाश घासत बसतं आणि तोवर सूर्य बुडालेला असतो.

बिघडतं ते वाऱ्यामुळे. दुपारी समुद्रावरून वारा धरतो, पाचनंतर उतरू लागतो. प्रत्येक पाटीला चार क्लिपा हव्यात, दोन पुरत नाहीत. ईझलच्या तिकाटण्यात वाळूची पिशवी टांगा. जलरंग लहानांना देऊच नका. संध्याकाळी दमट हवेत पहिला थर वाळत नाही आणि दुसरा त्यात मिसळून चिखल होतो. अॅक्रिलिकचं उलट होतं, वाऱ्यात ताटलीतच साय धरते. ऑइल पेस्टल सगळ्यात बरे, पण उन्हात ठेवले तर मऊ होऊन मोडतात, म्हणून खोकी सावलीत ठेवा.

गट २५ चा, दर आठ जणांमागे एक जाणकार. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागेल. न लावलेलाच बरा.

कौलारू

किनाऱ्याचं वर छान आलंय. दालनाकडे तितकंच लक्ष द्या, कारण कार्यक्रम उभे राहतात ते भिंतीवरच्या चित्रांवर.

पश्चिमेच्या खिडक्या म्हणजे साडेतीननंतर आडवं ऊन आत. समोरच्या पूर्व भिंतीवर काचेची चौकट लावली तर चित्राऐवजी खिडकी दिसेल. मॅट कागदावर छपाई करा, काच नको, फ्लेक्स तर नकोच नको. खिडक्यांना मांजरपाटाचे पांढरे पडदे लावा. रंगीत पडदा लावलात तर त्याचा रंग सगळ्या चित्रांवर चढतो. छपाई चिकटवायचा सनबोर्ड (फोमचा पत्रा) पाच मिलिमीटरचा घ्या आणि तीन आठवडे सपाट राहावा म्हणून मागे लाकडी पट्ट्या मारा, नाहीतर खारट दमट हवेत कडा उचलल्या जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवा. शाळेच्या दिवसांसाठी थोडा खाली घेतला तरी मोठ्यांना अडचण होत नाही.

‘इंप्रेशन, सनराइज’ हे मोनेचं १८७२ चं चित्र प्रदर्शनात असणार असं धरतो. मूळ माप ४८ × ६३ सेंटिमीटर. लांब बाजूला ३०० डीपीआयने (इंचामागे ३०० ठिपक्यांनी) साधारण ७४४० पिक्सेल लागतात, २०० ने ४९६०. त्याखाली गेलात तर जवळून पाहणाऱ्याला ब्रशच्या फटकाऱ्याऐवजी ठिपके दिसतील. रंगही तपासून घ्या, या चित्राच्या इंटरनेटवरच्या प्रतींमध्ये कमालीचा फरक असतो. एक सोपी चाचणी आहे: छापील प्रतीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. मूळ चित्रात केशरी सूर्य आणि भोवतालचं करडं आकाश यांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे, त्यामुळे कृष्णधवल फोटोत सूर्य जवळपास नाहीसा होतो. तुमच्या प्रतीत तो लख्ख उरला, तर कुणीतरी संगणकावर रंग भडक केलेत. प्रत बदला.

हीच चाचणी पुढे कार्यक्रम म्हणून वापरा. प्रेक्षकांना मोबाइल काढायला सांगा आणि सूर्य गायब होताना बघू द्या. सूर्य थरथरल्यासारखा का वाटतो, हे पाच मिनिटांत कळतं. डोळ्याला रंगाचा फरक जाणवतो, उजेडाचा जाणवत नाही, म्हणून तो जागेवर ठरत नाही.

मार्गदर्शित फेरी ४० मिनिटांची, १५ जणांची, आणि चित्रं फक्त पाच. बत्तीसच्या बत्तीस दाखवायला गेलात तर दहाव्या चित्रापासून लोक खुर्ची शोधतात. स्वयंसेवकाने आधी माहिती सांगू नये. विचारावं: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? चित्रकाराचं नाव आणि साल त्यानंतर. आठ स्वयंसेवकांची तीन सत्रं तालमीसारखी घ्या, प्रत्येकाने आपली पाच चित्रं निवडावीत. पाठांतर केलेला माणूस पहिल्याच आडव्या प्रश्नाला अडखळतो.

सराचं ‘ग्रांद जात’ साधारण दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. ते मूळ मापात तुमच्या भिंतीवर मावणार नाही, आणि लहान करून लावलं तर ठिपक्यांचा मुद्दाच संपतो. त्यातला ६० × ६० सेंटिमीटरचा एक तुकडा मूळ मापात छापा, शेजारी संपूर्ण चित्र लहान. जमिनीवर एक, तीन आणि सहा मीटरवर पट्ट्या चिकटवा. लोक आपण होऊन मागेपुढे होतील.

मांडवीचा धक्का

दोघांचे आभार. तिथीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. दोन शंका. शाळा एका गाडीतून ५५-६० मुलं आणतात, त्यांचं काय करायचं? आणि मोठ्यांच्या कार्यशाळेसाठी रंग कोणते मागवू? इथल्या दुकानात सगळं मिळेलच असं नाही.

रंगपेटी

साठ मुलांचे वीस-वीसचे तीन गट करा. एक दालनात, एक ओसरीत रंगांच्या प्रयोगाला, एक अंगणात. दर ३० मिनिटांनी अदलाबदल, घंटा वाजवून. म्हणजे दीड तास, वर दहा-पंधरा मिनिटं पाण्याला आणि चपला शोधायला धरा. स्नेहसंमेलनं आटोपल्यावर आणि दहावीच्या परीक्षांआधी शाळा मोकळ्या असतात, तुमची वेळ बरोबर आहे. शिमग्याकडे सरकू देऊ नका, तेव्हा गावं पालखीमागे असतात.

ओसरीतला प्रयोग: घोटीव कागदाचे २० सेंटिमीटरचे चौकोन, एक नारिंगी, एक निळा. दोन्हींच्या मध्यभागी एकाच करड्या कागदातून कापलेले पाच सेंटिमीटरचे तुकडे ठेवा. नारिंगीवरचा करडा निळसर दिसतो, निळ्यावरचा तांबूस. तुकडे उचलून शेजारी ठेवले की सारखेच. गोब्लँच्या गालिचा कारखान्यात रंगाई बघणाऱ्या शव्ह्रलने १८३९ मध्ये यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे सराने त्याचा आधार घेत आपली पद्धत बांधली. करडा मध्यम हवा. फार गडद घेतला तर परिणाम दिसत नाही. प्रयोग दिवसाच्या उजेडात करा, पिवळ्या बल्बखाली फसतो.

अंगणात गवताची छोटी उडवी रचा आणि तिची सावली रंगवायला द्या. मोनेने १८९०-९१ मध्ये झिव्हेर्नी या आपल्या गावी अशाच धान्याच्या उडव्यांची सुमारे २५ चित्रं केली. आपल्याकडे भाताची उडवी मुलांच्या ओळखीची आहे, त्यामुळे ‘हे काय आहे’ हे सांगण्यात वेळ जात नाही. सकाळच्या गटाच्या आणि दुपारच्या गटाच्या सावल्या भिंतीवर शेजारी टांगा.

आता रंग. मोनेने १९०५ मध्ये एका पत्रात आपले रंग सांगितले आहेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट निळा, आणि एक हिरवा. काळा त्यात नाही. इथे एक फसगत होते. त्या हिरव्याला फ्रेंचमध्ये ‘व्हेर एमरोद’ म्हणतात, शब्दशः पाचूचा हिरवा. म्हणून लोक एमरल्ड ग्रीनची ट्यूब मागवतात. खरा रंग आपल्याकडे व्हिरिडियन नावाने मिळतो. तोच घ्या. एमरल्डमध्ये पिवळट झाक असते, समुद्र गढूळ होतो. मॅडरऐवजी अलिझरिन क्रिम्सन चालेल, व्हर्मिलियनऐवजी त्याच नावाची पारा नसलेली ‘ह्यू’ ट्यूब. पांढरा इतरांच्या तिप्पट मागवा, तोच आधी संपतो. आणि पेटीतली काळी ट्यूब वाटण्याआधी काढून घ्या, नाहीतर सवयीने हात तिकडे जातोच.

सुरंगी

व्याख्यानाबद्दल. उद्घाटनाला दीड तासाचं व्याख्यान नको. त्या दिवशी गर्दी भेटायला येते, ऐकायला नाही. पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ४५ मिनिटं ठेवा, आणि विषय ‘फ्रेंच चित्रकलेचा इतिहास’ असा अघळपघळ न ठेवता एकच चित्र घ्या.

‘इंप्रेशन, सनराइज’ त्यासाठी उत्तम. चित्र फ्रान्समधल्या ल आव्र बंदराचं, हॉटेलच्या खिडकीतून पाहिलेलं. डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्याची उंची आणि दिशा, भरतीची वेळ आणि त्या दिवसांतल्या हवेच्या नोंदी ताडून १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी ७.३५ च्या सुमाराची वेळ सर्वात संभाव्य ठरवली. मोठी शिडाची जहाजं पूर्ण भरतीलाच बंदरात ये-जा करू शकत, आणि चित्रात ती दिसतात, हा त्यातला कळीचा दुवा. पाऊणपटीचा ठोकताळा जाणणाऱ्या गावाला हे समजावून सांगावं लागणार नाही. वक्त्याशेजारी मिरकरवाड्याच्या एखाद्या जुन्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला, बसवा. बूदँच्या आणि मोनेच्या चित्रांतल्या होड्या, शिडं, वाऱ्याची दिशा, पाणी चढतंय की उतरतंय, हे तो चित्रातून वाचेल. चित्रकाराने पाहिलेलं खरं होतं की नाही, हे सांगायचा अधिकार त्याचा आहे. त्याला मानधन वक्त्याइतकंच द्या आणि पत्रिकेत नाव त्याच टायपात छापा.

आणखी एक जोड: मोनेच्या १८७० च्या ‘द बीच अॅट त्रूव्हिल’ या चित्राच्या रंगात वाळूचे कण सापडले आहेत, किनाऱ्यावर वाऱ्याने उडून बसलेले. व्याख्यानानंतर मांडवीच्या कार्यशाळेतले कागद भिंगाखाली ठेवा. त्यांतही असतीलच.

चित्रपट आणि संगीताची संध्याकाळ दोन्ही गाळा असं माझं मत. मोबाइलवर दिसणारा चित्रपट सार्वजनिक दाखवायला वेगळा परवाना लागतो. संगीताचंही तेच: फ्रेंच संगीतकार दब्यूसी १९१८ मध्ये गेला, त्याच्या रचना मुक्त आहेत, पण तुम्ही वाजवाल त्या रेकॉर्डिंगवर बहुधा कुणाचा तरी हक्क असतो. आठ स्वयंसेवकांत हे दोन कार्यक्रम सांभाळायला गेलात तर दालनात फेऱ्या घ्यायला माणूस उरणार नाही. त्याऐवजी शेवटच्या रविवारी दालन सकाळी आठला उघडा, फक्त ज्येष्ठांसाठी, वीस खुर्च्या टाकून. आठला पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन येत नाही, उजेड मऊ आणि सारखा असतो. चित्रं सगळ्यात नीट त्याच वेळी दिसतील.

ओहोटी

सुरंगीच्या तांडेलाच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा. वेळ मात्र त्यांनाच विचारून ठरवा. उधाणाच्या दिवसांत बोटी बाहेर असतील तर संध्याकाळी सातला ते धक्क्यावर असतील, तुमच्या दालनात नाही.