लाउबरहॉर्नच्या शर्यतीत शेवटी पाय का थरथरतात?

धंतोलीकर: आमच्या नागपुरात बर्फ फक्त गोळ्यावर. तरी दर जानेवारीत मी आणि बाबा स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची ही स्की शर्यत बघतो. खेळाडू रेषा ओलांडल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून कोसळतातच. एवढं काय असतं हो त्यात?

बर्फवेडा: लांबी, भाऊ. जवळजवळ साडेचार किलोमीटर, वरून खाली उंचीतला फरक हजार मीटरहून जास्त. स्कीच्या वर्ल्ड कपमधली ही सगळ्यात लांब डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली उतरण्याची शर्यत. बाकीच्या बहुतेक दोन मिनिटांत आटोपतात, इथे अडीच मिनिटं गुडघे वाकवूनच राहायचं. शेवटचं इंग्रजी एस आकाराचं वळण येईस्तोवर पायात जीव उरत नाही. १९३० पासून चालू आहे, एर्न्स्ट गेर्च यांनी सुरू केली. मला सर्वात आवडतो हुंडशॉप्फ हा टप्पा: खडकांच्या मधून थेट उडी! दरवेळी श्वास अडकतो.

धंतोलीकर: आणि वेग?

बर्फवेडा: २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेचा ताशी १६१.९ किमी नोंदला गेला. समृद्धीवर गाडीला १२० ची मर्यादा आहे, हा माणूस दोन फळ्यांवर!

सदरची ताई: ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेलच्या श्ट्राइफ उतारावरची शर्यतपण बघा. लांबीने कमी, पण सुरुवातीलाच माउझेफाले नावाच्या टप्प्याचा ८५ टक्के उतार. मला तीच जास्त भीतीदायक वाटते.

धंतोलीकर: बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, ताई. श्ट्राइफपण बघणार.