बुद्रुक-खुर्द काढून गावांना वेगळी नावं द्यावीत का?

सह्यवाट:
माझ्या मते द्यावीतच. एकट्या पुणे जिल्ह्यात बघा: वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द कात्रजजवळ, तर आंबेगाव तालुका जिल्ह्याच्या उत्तरेला, त्याचं मुख्यालय घोडेगाव. सातबाऱ्यावर 'बु॥' आणि 'खु॥', इंग्रजी अर्जात 'बीके' आणि 'केएच', कुठे 'केडी'. अर्जातला रकाना अपुरा पडला की शेपूट गळतं आणि नुसतं 'वडगाव' उरतं. गट क्रमांक तर प्रत्येक गावात १ पासून सुरू होतात, म्हणजे गट ११२ बुद्रुकातही असतो आणि खुर्दातही. ऑनलाइन उतारा काढताना गावाच्या यादीत एक ओळ खाली बोट गेलं की भलत्याच माणसाची जमीन समोर येते.

दप्तरदार:
शेपूट कसलं? तो नावाचाच भाग आहे. फारसी 'बुजुर्ग'चं बुद्रुक झालं, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. दफ्तराची भाषा फारसी होती त्या काळाची ही खूण आहे. उत्तरेत हीच जोडी कलाँ-खुर्द म्हणून भेटते. जर्मनीत दोन फ्रँकफर्ट आहेत, एक माइन नदीवरचं, दुसरं ओडर नदीवरचं. तिथे नदीचं नाव जोडून काम भागलं, नवं नाव शोधावं लागलं नाही.

आणि बदल वाटतो तितका सोपा नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची १९५३ची तत्त्वं सांगतात की इतिहासाशी जोडलेलं नाव शक्यतो बदलू नये, आणि नवं नाव राज्यात किंवा शेजारी आधीपासून नसावं. रेल्वे, टपाल खातं आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांचं मत घेतलं जातं. ते सगळं पार पडलं तरी जुने दस्त जुन्याच नावाचे राहतात. एका घोळाच्या जागी दोन नावांचा घोळ!

सह्यवाट:
इतिहास मान्य. पण कोंढवा खुर्द आज कुठल्या अर्थानं धाकटं राहिलंय? अर्थ उरलेला नाही, अडचण तेवढी उरली आहे.

पोस्टपाकीट:
नाव राहू द्या, खात्री क्रमांकानं करा. फक्त पिनवर विसंबू नका. १९७२ साली आलेल्या या सहा आकड्यांतले शेवटचे तीन टपाल वाटणारं कार्यालय दाखवतात, आणि एका कार्यालयाखाली अनेक गावं येतात. गावाला जनगणनेचा स्वतंत्र कोड आहे, जमिनीला सातबाऱ्यावरचा ११ अंकी भू-आधार. व्यवहारात तो ताडून पाहा. रेल्वेचंही तसंच: दौंड-मनमाड मार्गावर बेलापूर आहे, नवी मुंबईत सीबीडी बेलापूर. तिकिटावर स्थानकाचा कोड वाचला की चूक होत नाही.

रानजाई:
कोड कागदावर ठीक. १०८ला घाबऱ्या आवाजात फोन करणारा माणूस जनगणनेचा कोड सांगणार आहे का? तिथे बोललेलं नावच चालतं, आणि घाईत बुद्रुक-खुर्द हेच आधी गळतं. म्हणून तालुका पहिल्यांदा, मग गावाचं पूर्ण नाव, मग जवळचा फाटा किंवा देऊळ, या क्रमानं सांगावं. गावाच्या पाटीवरही 'बु॥' न लिहिता 'बुद्रुक' असं पूर्ण अक्षरांत, नावाइतक्याच मोठ्या टाइपात रंगवावं. याला केंद्राची परवानगी लागत नाही.

सह्यवाट:
पाटीचं पटलं. गट ११२चा प्रश्न मात्र तसाच आहे. जुन्या दस्तांवर भू-आधार कुठून आणायचा?