शेगडीवरचा पॉट फिलर नळ: घ्यावा की पैसे वाचवावेत?

पाथर्डीफाटा_२बीएचके:
मंडळी, किचन तोडून नवीन करतोय आणि इंटिरियरवाल्याने शेगडीच्या मागच्या भिंतीत पॉट फिलर बसवायचं डोक्यात घातलंय. दोन ठिकाणी दुमडणारा लांब हाताचा नळ असतो, ओढला की थेट भांड्यावर येतो, काम झालं की परत भिंतीला लावून ठेवायचा. नळ आणि आतली लाईन मिळून 18 हजार सांगतोय. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई. बायकोला जाम आवडलाय, आई म्हणते भांड्यात पाणी घालायला तांब्या असतो. टाइल्स लागायच्या आत ठरवायचंय, नंतर भिंत फोडावी लागेल. बोला.

गंगापूररोडची_सुगरण:
घ्या, डोळे मिटून घ्या. आमच्याकडे नऊ माणसं, सणावाराला वीस होतात, सिंक ओट्याच्या त्या टोकाला आणि शेगडी ह्या टोकाला. 10 लिटर पाणी म्हणजे 10 किलो, वर जाड बुडाच्या पातेल्याचं वजन वेगळं, ते उचलून नेताना कंबरेचं काय होतं ते ओट्याजवळ उभं राहणाऱ्यालाच विचारा. पुरुष मंडळी इथे येऊन नको म्हणतील, त्यांचं मत मोजू नका.

सिडकोकर:
पुरुष आहे आणि रोजचा स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे मत मोजा 😄 कंबरेचं सोडा, आधी सांगा त्या नळाला पाणी कुठलं येणार? गंगापूर धरणाचं पाणी महापालिका शुद्ध करून देते हे खरं, पण ते आधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत, आणि टाकी शेवटची कधी धुतली हे वॉचमनलाही आठवत नाही. आपल्याकडे भाजी धुवायचं पाणी वेगळं आणि आमटीत घालायचं वेगळं. नळ शेगडीवर लटकत राहणार आणि तुम्ही प्युरिफायरखाली तांब्या धरून उभे.

गंगापूररोडची_सुगरण:
उकळतंच ना शेवटी पाणी! बटाटे उकडायला, मका उकडायला, दिवाळीच्या आधी डबे-भांडी काढतो तेव्हा गरम पाणी करायला कोण आरओचं पाणी घेतं?

सिडकोकर:
उकळून जंतू मरतात ताई, क्षार कुठे जातात? उन्हाळ्यात सोसायटी बोअरचं पाणी मिसळते तेव्हा पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. तोच थर नळाच्या जाळीत बसला की धार वाकडी आणि पाणी ओट्यावर. आणि बटाटे उकडायला आपण कुकर वापरतो, त्यात पाणी लागतं किती? हा नळ तिकडच्या लोकांसाठी आहे जे पास्त्याला हंडाभर पाणी उकळतात आणि मग ओतून देतात. बरं, ते ओतायला पातेलं उचलून सिंककडेच न्यावं लागतं, तेही उकळतं! म्हणजे कंबर वाचली अर्धीच.

नवीन_नाशिककर:
मग पॉट फिलर आरओलाच जोडायचा की, प्रश्न मिटला?

नळदुरुस्ती_अंबड:
नाही मिटत. घरचा भिंतीवरचा आरओ तासाला साधारण 10-15 लिटर गाळतो आणि त्याच्या टाकीतलं पाणी नुसतं उतारावर येतं, भिंतीतल्या लाईनमधून वर चढवायला प्रेशरच नसतं. पंप लावा, वेगळी टाकी लावा, मग 18 चे किती होतील बघा.

मी हे नळ बसवतो म्हणून सांगतो, नळ वाईट नाही, जागा वाईट आहे. सिंकचा नळ ठिबकला तर पाणी सिंकमध्ये जातं, हा ठिबकला तर खाली शेगडी, बर्नर, ओटा, ट्रॉली, पाणी वाहून जायला जाळी कुठेच नाही. म्हणून याला दोन चाव्या असतात, एक भिंतीपाशी एक तोंडापाशी, आणि लोक तोंडाचीच बंद करून झोपतात, म्हणजे सगळे सांधे रात्रभर प्रेशरखाली. बसवायचाच तर लाईनला हाताला येईल असा वेगळा कॉक ठेवा, हात ओढला जातो म्हणून भिंतीत पक्कं फिटिंग घ्या, टाइल्स लावायच्या आधी लाईन प्रेशर टेस्ट करा. उंची मोजताना घरातलं सगळ्यात उंच पातेलं बर्नरवर ठेवून मोजा, ड्रॉइंगवर विश्वास नको. आणि हात पुढच्या बर्नरपर्यंत पोचतो का तेही बघा, बऱ्याचदा पोचत नाही.

सातपूरची_खानावळ:
आमच्याकडे भट्टीवर नळ आहे आणि त्याशिवाय धंदा होणार नाही. मिसळीच्या रश्श्याचं पातेलं रिकामंच दोघांना उचलावं लागतं. पण आमचा नळ म्हणजे साधी टोटी आणि तिला पाईप, दुमडणारा हात वगैरे पोरांनी आठवड्यात मोडला असता. चार माणसांच्या घरात हे कशाला? तिथे फोडणी उडते, तेलाची वाफ बसते, चिमणी कितीही ओढू दे, महिन्याभरात त्या चकचकीत सांध्यांवर चिकट थर. तो घासणार कोण तेही आत्ताच ठरवा, नंतर भांडणं होतात.

गंगापूररोडची_सुगरण:
घासायचं म्हणून माणसं नळ घेत नाहीत का? मग चिमणी पण काढून टाका. 2027 ला सिंहस्थ आहे, नाशिकमध्ये घर म्हटलं की पाहुणे येणारच, तेव्हा चार माणसांचं घर चाराचं राहत नाही.

सिडकोकर:
कुंभ बारा वर्षांनी एकदा येतो ताई 🙏 तेवढ्यापुरता बाजारातून हातभर पाईप आणा.

पाथर्डीफाटा_२बीएचके:
बायकोने सगळं वाचलं. ती म्हणते पाणी आणि गळतीचं पटलं, पण दिसतो छान. आता काय बोलणार.

नळदुरुस्ती_अंबड:
सिंक आणि शेगडीत अंतर किती ते सांगाल का?

पाथर्डीफाटा_२बीएचके:
असेल अडीच-तीन फूट.

नळदुरुस्ती_अंबड:
अहो मग सिंकलाच तोंड बाहेर ओढता येणारा नळ लावा. पातेलं सिंकच्या कडेला ओट्यावर ठेवूनच भरायचं आणि तसंच सरकवत शेगडीपाशी न्यायचं, गळाला तरी सिंकमध्ये. भिंतही फोडायला नको.

गंगापूररोडची_सुगरण:
सरकवून नेलं तरी शेगडीवर चढवायला उचलावंच लागतं. मी अजूनही म्हणते घ्या.