डिडक्टिबल वर्षाची की दर वेळची, हे आधी बघा

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातल्या भावाने विचारलंय की ३ लाख डिडक्टिबलची टॉप-अप आरोग्य पॉलिसी (म्हणजे हॉस्पिटलच्या बिलाचे पहिले ३ लाख आपण किंवा आपल्या दुसऱ्या पॉलिसीने भरायचे, त्यावरचं ही पॉलिसी देते) स्वस्त पडते, घ्यावी का, आणि ते ३ लाख करातून वजा होतील का.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. करात वजावट मिळते ती भरलेल्या हप्त्याची, तीही जुन्या करपद्धतीतच, आणि हप्ता रोखीने भरला तर मिळत नाही. आपल्याकडे एजंटच्या हातात रोख देणारे खूप आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. खिशातून भरलेलं हॉस्पिटलचं बिल यात धरत नाहीत. अपवाद आरोग्य विमाच नसलेल्या ज्येष्ठांचा, त्यांच्या उपचारखर्चाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे.

आता पॉलिसी. साध्या टॉप-अपमध्ये ३ लाखांची अट प्रत्येक दाखल होण्याला वेगळी लागते. समजा, वर्षात दोनदा ॲडमिट झालात, दोन्ही वेळा बिल २ लाख. एकही बिल ३ लाखांवर गेलं नाही, म्हणजे कंपनीकडून एक पैसा नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बिलं एकत्र धरतात, ४ लाख होतात, वरचे १ लाख मिळतात. थोडा जास्त हप्ता पडला तरी मी सुपर टॉप-अपच घ्या म्हणेन.

आणि खालचे ३ लाख कुठून येणार? कारखान्याची ग्रुप पॉलिसी असेल तर ठीक, पण नोकरी सुटली की ती बहुधा जाते. स्वतःची छोटी मूळ पॉलिसी आधी घ्या, भाऊ.