छतावरचं सोलर: एकरकमी विकत घ्यावं की महिन्याच्या भाड्यावर?

हिशेबी

'आज शून्य भरा, पुढे महिना फक्त १,८००' अशा सोलर योजना आता स्वतंत्र घरांच्या फाटकापर्यंत आल्या आहेत. माझं मत आधीच सांगतो. छत स्वतःचं आणि वीजबिल स्वतःच्या नावावर असेल, तर हा सौदा तोट्याचा आहे.

महिना ३५० युनिट वापरणारं घर धरू. ५४५ वॅटची ६ पॅनेल म्हणजे सव्वातीन किलोवॅट. आपल्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट येते, म्हणजे घराचा वापर भागतो. डीसीआर पॅनेल (सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली, त्याशिवाय अनुदान नाही), इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, अर्थिंग धरून खर्च २ लाख समजा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० मिळतात. खिशातून गेले १,२२,०००.

आता भाडं. महिना १,८००, दरवर्षी ५ टक्के वाढ, मुदत १५ वर्षं. बेरीज होते ४ लाख ६६ हजार. शेवटच्या वर्षी भाडं महिना ३,५६४ झालेलं असतं. वाढीचं कलम नसतं तर हीच रक्कम ३ लाख २४ हजार झाली असती. जाहिरातीत १,८०० ठळक असतात, ५ टक्के करारातल्या कुठल्यातरी परिशिष्टात.

'हाताशी लाख-सव्वा लाख नाहीत' असं कोणी म्हणेल, तर त्यासाठी याच योजनेत विनातारण कर्ज आहे. १० टक्के, म्हणजे २०,००० स्वतःचे. अनुदान आल्यावर ते कर्जखात्यात भरलं की १,०२,००० उरतात. ७ टक्क्यांनी १० वर्षांचा हप्ता १,१८४ रुपये. भाड्यापेक्षा कमी आणि दहा वर्षांनी शून्य. मग भाडं का भरायचं?

मीटरबॉक्स

हिशेबी, गणित बरोबर आहे, पण सगळं सुरळीत चाललं तरच. तुम्ही धरलेले दिवसाचे ४ युनिट दरवर्षी, १५ वर्षं, नेमाने येतात हे गृहीत आहे. ते का येत नाहीत, हे जास्त महत्त्वाचं.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. गच्चीवरच्या इन्व्हर्टरपासून खालच्या मीटरपर्यंत ३० मीटर अंतर, आणि कंत्राटदाराने टाकलेली २.५ चौरस मिमीची केबल. भर दुपारी १३ अँपिअर वाहतात. जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यात साधारण ६ व्होल्ट चढतात. मीटरपाशी २४८ असतील तर इन्व्हर्टरला २५४ दिसतात. कित्येक इन्व्हर्टरमध्ये वरची मर्यादा २५३ ला लावलेली असते, तो बंद पडतो. थोड्या वेळाने चालू होतो, पुन्हा बंद. ऐन अकरा ते दोन, म्हणजे सगळ्यात जास्त वीज येण्याच्या वेळात. घरात दिवे चालूच असतात, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. दोन-तीन महिन्यांची बिलं जास्त आल्यावर शोध सुरू होतो. तिथे ६ चौरस मिमी टाकली असती तर चढ अडीच व्होल्टच्या आत राहिली असती. फरक हजार-दोन हजारांचा, पण कोटेशनमध्ये 'स्टँडर्ड केबल' एवढंच लिहिलेलं असतं.

विकत घेतलेल्या यंत्रणेत हा तोटा मालकाचा. म्हणून १,२२,००० ही किंमत खरी नाही, तीत देखरेखीची किंमत मिळवायला हवी. भाड्यात ती मिळवलेली असते.

हिशेबी

मीटरबॉक्स, केबलचा मुद्दा लाखमोलाचा. पण तो माझ्याच बाजूचा आहे! महिना ठरावीक भाडं असेल तर इन्व्हर्टर दुपारी बंद पडो की चालो, १,८०० द्यावेच लागतात. शिवाय महावितरणचं बिलही येतं. देखरेख 'मिळवलेली' असते ती कागदावर. आणि सूर्यघर योजनेतल्या विक्रेत्यालाही पहिली ५ वर्षं देखभाल करणं बंधनकारक आहेच की.

मीटरबॉक्स

ठरावीक भाड्याची बाजू मी घेतच नाही. ती योजना वाईटच. मी बोलतोय युनिटमागे दर असलेल्या कराराबद्दल, ज्याला रेस्को म्हणतात. कंपनी पॅनेल बसवते, जनरेशन मीटरवर जेवढे युनिट पडले तेवढ्याचेच पैसे घेते. इन्व्हर्टर बंद तर तिचंही उत्पन्न बंद. मग तिचा माणूस न बोलावता येतो.

पाच वर्षांच्या देखभालीबद्दल म्हणाल तर ती फोन उचलला जाण्यावर अवलंबून.

कौलारू

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचं गणित वेगळं आहे, ते कोणी धरत नाही. जुलैत निर्मिती मे महिन्याच्या निम्म्यावर येते. खाऱ्या वाऱ्याने साधं जीआय (पातळ जस्तलेपाचं लोखंडी) स्ट्रक्चर कापलेल्या आणि ड्रिल मारलेल्या जागी पहिल्या दोन पावसाळ्यांतच गंजायला लागतं. किनाऱ्यालगत हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) किंवा ॲल्युमिनियमच, नटबोल्ट स्टेनलेसचे, आणि ड्रिल मारलेल्या जागी झिंक रंग. हे विकत घेताना स्वतः लिहून घेता येतं. भाड्याच्या यंत्रणेत स्ट्रक्चर कंपनी निवडते आणि ती पैसे वाचवणारच. गंज उतरून घराच्या भिंतीवर ओघळ येतात ते कोणाचे? घरमालकाचे.

अवांतर: बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पॅनेल धुऊ नका. पांढरा थर बसतो, तो नंतर खरवडूनही निघत नाही. सकाळी काच गार असताना, पावसाचं किंवा नळाचं पाणी आणि मऊ पोछा. बास.

चौथा_मजला

सगळे बंगल्यांवर बोलताय. गृहनिर्माण सोसायटीचं काय? सामायिक मीटरवर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. २० किलोवॅट हवेत असं समजा: ३७ पॅनेल, अंदाजे दोन हजार चौरस फूट सावली नसलेली गच्ची. किलोवॅटला ५५,००० धरले तर ११ लाख. सोसायटीला अनुदान किलोवॅटमागे १८,०००, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले ७ लाख ४० हजार. हे २४ सभासदांकडून गोळा करायचे तर डोक्यावर ३१ हजारांच्या आसपास. सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न येतो: 'लिफ्ट मी वापरतच नाही, तळमजल्यावर राहतो, मी का देऊ?' सिंकिंग फंडाचं नाव काढलं की दुसरं भांडण, कारण तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला.

रेस्कोने ५.५० रुपये युनिट दिलं आणि किलोवॅटमागे दिवसाला ४ प्रमाणे २९,२०० युनिट वर्षाला आले, तर कंपनीचं बिल १ लाख ६० हजार. सध्या त्याच युनिटांचे महावितरणला याहून बरेच जास्त जातात. फायदा कमी, पण वर्गणी नाही आणि सभेत भांडण नाही. मंजूर होऊन उभं राहिलेलं कमी फायद्याचं सोलर, दरवर्षी विषयपत्रिकेवर येऊन पुढे ढकलल्या जाणाऱ्या जास्त फायद्याच्या सोलरपेक्षा चांगलं.

हिशेबी

चौथा_मजला, तुमच्याच आकड्यांनी बघा. ७ लाख ४० हजार भागिले १ लाख ६० हजार: साडेचार वर्षांहून थोडं जास्त. म्हणजे पाच वर्षांत कंपनीला तेवढेच पैसे दिले, आणि करार १५ वर्षांचा. उरलेली दहा वर्षं भांडण टाळण्याची किंमत.

आणि त्याहून मोठं: पुनर्विकास. पस्तीस वर्षं जुनी इमारत, विकासकाशी बोलणी चालू, आणि गच्चीवर १५ वर्षांचा करार. इमारत चौथ्या वर्षी पाडली तर?

चौथा_मजला

त्यासाठी बायआउट तक्ता (मुदतीआधी यंत्रणा कंपनीकडून विकत घेण्याच्या किमती) असतो. करारासोबत वर्षवार किंमत छापून घ्यायची: चौथ्या वर्षी इतके, आठव्या वर्षी इतके, शेवटी एक रुपया. 'त्यावेळच्या बाजारभावाने' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. जुनी इमारत असेल तर रेस्को नको, हे मान्य. पण तिथे विकतही घेऊ नये, पाच वर्षांत वसूल व्हायच्या आतच पॅनेल उतरवावी लागतील.

चिकट_प्रश्न

दोन्ही बाजूंना विचारतो. महिना १२० युनिटच वापरणाऱ्याचं काय?

मीटरबॉक्स

त्याने ३ किलोवॅटच्या वाटेलाच जाऊ नये, विकत नाही आणि भाड्यानेही नाही. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, महाग टप्पा १०१ पासून सुरू होतो. त्याच्या वापरातले फार तर २० युनिट महाग आहेत. जास्तीची वीज महिन्यामागून महिना जमा होते खरी, पण ३१ मार्चला हिशेब होतो आणि उरलेले युनिट महावितरण कमी दराने घेते. एक किलोवॅट पुरे. भाड्याच्या योजनांमध्ये अनेकदा किमान ३ किलोवॅटची अट असते, ती नेमकी अशा घरांना बुडवते.

स्थिर आकार तर कितीही पॅनेल लावली तरी भरावाच लागतो. 'बिल शून्य' ऐकलं की हे आठवा.

कौलारू

विकत घेण्याच्या बाजूने असूनही एक इशारा. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करा, मग पोर्टलवर अर्ज. अर्जदार, वीजजोडणी आणि बँक खातं यांतली नावं जुळली नाहीत की काम सगळं होतं, नेट मीटरही (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसतो, आणि अनुदान तेवढं अडकतं. कर्ज घेतलं असेल तर तोवर हप्ता १,०२,००० वर नाही, पूर्ण १,८०,००० वर चालू: महिना जवळपास २,०९०. हिशेबींच्या गणितात हे महिने नाहीत.

हिशेबी

कबूल. तीन-चार महिने फुगलेला हप्ता आणि दहा-बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलण्याचे ३५,००० धरा. २०,००० स्वतःचे, हप्त्यांचे १ लाख ४२ हजार, इन्व्हर्टरचे ३५ हजार आणि किरकोळ दुरुस्ती. सगळं सव्वादोन लाखांच्या आत. अजूनही भाड्याच्या निम्म्याहून कमी.

युनिटमागे दराच्या कराराला माझा विरोध मवाळ करतो, पण एका अटीवर. त्यात 'मानीव निर्मिती'चं कलम नको. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायला पॅनेल आठवडाभर उतरवली किंवा लाइट गेली, तरी 'वीज आली असती' असं मानून कंपनी बिल लावते ते हे कलम. ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइट गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतोच, त्यात ग्राहकाचा काय दोष?

मीटरबॉक्स

कंपनी ते कलम सहसा पूर्ण काढत नाही. पण वर्षाला ७२ तासांपर्यंतची ग्राहकाकडची बंदी मोफत, आणि महावितरणकडची बंदी पूर्णपणे वगळलेली, एवढं मागता येतं. जनरेशन मीटरचा रोजचा आकडा मोबाइलवर ग्राहकालाही दिसला पाहिजे, पासवर्डसकट. आणि काढणं-पुन्हा बसवणं एकदा फुकट, हे लिहून घ्या. गच्चीला वॉटरप्रूफिंग पंधरा वर्षांत एकदा तरी करावं लागतंच.

चौथा_मजला

काढा-घालीत एमसी-४ कनेक्टरही (पॅनेलच्या वायरी जोडणारे) तपासायला सांगा. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली की बसतात छान, पण आत संपर्क ढिला राहतो, तापतो आणि प्लास्टिक वितळतं. भाडं असो की मालकी, आग लागते ती आपल्याच गच्चीवर.

चिकट_प्रश्न

मग विम्यात पॅनेल कोणी लिहायची? भाड्याची असतील तर घराच्या पॉलिसीत ती बसतात का?

मीटरबॉक्स

पॅनेलचा विमा मालकाने काढायचा, म्हणजे कंपनीने, आणि त्याची प्रत दरवर्षी मागून घ्यायची. पण पॅनेल वादळात उडून शेजारच्या गाडीवर पडलं तर? तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची जबाबदारी करारात कोणावर टाकली आहे ते आधी बघा. बऱ्याच मसुद्यांत 'छताच्या मालकावर' असं असतं.