मदत हवी आहे: बीच झाडाच्या लाकडाच्या काजळीपासून बिस्टर (तपकिरी शाई) करतेय, वॉश (पातळ रंगाचा हात) राखाडी येतोय

नमस्कार मंडळी, मी दक्षिण जर्मनीत असते आणि सध्या १७व्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार क्लोद लोरेंच्या रोमजवळच्या निसर्गचित्रांच्या कॉपीज करतेय. झाडांमागचा तो फिकट तपकिरी उजेड मला काही सोडत नाही. जो तो म्हणतो सेपिया घे, पण सेपिया म्हणजे माकुळाची शाई, चित्रकार ती सर्रास वापरायला लागले १८व्या शतकाच्या शेवटी आणि क्लोद तर १६८२ लाच गेला. त्याच्या काळात ब्राऊन वॉश म्हणजे बिस्टर नाहीतर लोहाची गॉल शाई, म्हणजे ओकवरच्या गाठी आणि लोहाच्या क्षारापासून केलेली (नुसतं बघून फरक कळत नाही, म्युझियमवालेही बऱ्याचदा 'ब्राऊन इंक' एवढंच लिहितात). गॉल शाई कागद खाते, म्हणून बिस्टरच करायचंय.

घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, त्यात बीचच जळतं. धुरांडं साफ करायला माणूस आला तेव्हा डबाभर काजळी मागून घेतली. मास्क, ग्लोव्हज घालून जुन्या खलबत्त्यात कुटली, चहाच्या गाळणीने चाळली, पाण्यात अर्धा तास उकळली, रात्रभर ठेवून वरचं पाणी आटवलं आणि थोडा गम अरेबिक (बाभळीच्या जातीचा डिंक) घातला.

ओला असताना रंग मधासारखा दिसतो, सुकला की चुलीमागच्या भिंतीसारखा! कडेला काळे कण बसतात आणि बोट फिरवलं की निघून येतात. काय चुकतंय? प्लीज सांगा, तीन रविवार गेलेत यात.

प्रतिसाद १:
काजळी कुठली घेतलीत ते बघा. मऊ, भुरभुरीत असते ती जवळजवळ नुसता कार्बन, विरघळत नाही, त्यानेच राखाडी येतं. तुम्हाला हवी ती चकचकीत, डांबरासारखी पापुद्र्यांची, जर्मनीत तिला ग्लान्झरूस म्हणतात, तपकिरी रंग त्या डांबरी भागातूनच उतरतो. चहाची गाळणी नको, कॉफीचा फिल्टर पेपर लावा, दोनदा गाळा. कण निघतात म्हणजे गमही कमी पडतोय, थेंबथेंब वाढवून त्याच कागदावर सुकवून बघा. झालेलं चित्र उन्हात लावू नका, बिस्टर उडतं. आणि मास्क सोडू नका हं, काजळीने धुरांडी साफ करणाऱ्यांना कॅन्सर होतो हे पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने लंडनमध्ये १७७५ लाच लिहून ठेवलंय.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! आत्ताच डबा उपडा केला, तळाशी काळ्या काचेसारखे पापुद्रे आहेत, साधारण मूठभर. मी वरवरचीच घेत होते. एवढ्यात निदान एक छोटी बाटली होईल ना?