माय शेतात एकटी फिरते पण समोरचा माणूस ओळखत नाही, असं कसं?

परभणीकर: डॉक्टर म्हणले दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला खराब झालाय, सुका प्रकार आहे. आता माय बांधावरून बरोबर चालते, कोपऱ्यातली घागर दिसते, पण दारात आलेली जाऊबाई ओळखू येत नाही, डाळीतले खडे दिसत नाहीत. लोक म्हणतात सोंग करते. लई वाईट वाटतं.

औशाची लेक: सोंग नाही हो! मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, बारीक बघायचं काम त्याचं, चेहरा, अक्षर, सुईचं नाकं सगळं तिथंच. कडेची नजर शाबूत राहते म्हणून चालता येतं. आमच्या आत्याबाईला पण हेच आहे, ती थोडं बाजूला बघून बोलते, मग चेहरा जरा दिसतो. घरच्यांना सांगा, येतानाच नाव सांगत या, तिनं ओळखायची वाट बघू नका.

बीडवाला: उजेड वाढवा, दिवा कामाच्या जवळ पण डोळ्यावर चमक नको. आणि रंगात फरक ठेवा, तुरीची डाळ काळ्या ताटात, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा.

औशाची लेक: एक महत्त्वाचं, रोज एकेक डोळा झाकून, जवळचा चष्मा असला तर तो लावून, आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटी आखलेला कागद बघायला लावा. रेघा अचानक वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग आला तर थांबू नका, लगेच पडद्याच्या डॉक्टरकडं न्या, सुक्याचा ओला प्रकार होऊ शकतो, म्हणजे पडद्याखाली नाजूक नसा वाढून पाणी-रक्त पाझरतं, आणि त्याला डोळ्यात इंजेक्शन वेळेवर मिळणं फार गरजेचं असतं.

परभणीकर: ताई, आजच कागद आखतो.